एकशेवीस-ऐंशी

कडुनिंबाला मोहर येतो त्या दिवसांत उस्मानपुऱ्याच्या गल्ल्यांना कडसर-गोड असा एक मंद सुगंध सुटतो, आणि उन्हात तापलेल्या माझ्या पिशवीतल्या रक्तदाबाच्या पट्ट्याच्या रबराचा वास त्यात मिसळला की माझ्या मनात जे उसळतं त्याला वसंताशी काही देणंघेणं नसतं. तो सूड असतो. सभ्य शब्द पुष्कळ आहेत, शल्य म्हणा, सल म्हणा. पण त्या सकाळी मी स्कूटर लावून, मानेमागचा नेहमीचा ठणका चोळत, मधुमालतीच्या वेलाखालच्या फाटकाशी उभी राहिले तेव्हा मला एका म्हाताऱ्या, आजारी माणसाचे हाल डोळे भरून पाहायचे होते, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नव्हती.

माझं काम सांगायला सोपं आहे. पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णांचा आमच्या रुग्णालयात एक अभ्यास चालू आहे. झटका का आला, आधी रक्तदाब होता का, साखर होती का, तंबाखू होती का, आणि तीन महिन्यांनी माणूस कुठवर सावरला, हे सगळं त्यात नोंदवलं जातं. तीन महिन्यांनंतरचं ते सावरणं पाहायला घरोघरी जाते ती मी. कधी बिडकीनच्या पत्र्याच्या खोलीत, कधी शहरातल्या चौथ्या मजल्यावर, मी समोर बसून विचारते की हातानं जेवता येतं का, न्हाणीघरापर्यंत जाता येतं का, आणि उत्तरं ऐकून शून्य ते सहा यांतला एक आकडा लिहिते. शून्य म्हणजे आजाराचं काही उरलं नाही, सहा म्हणजे माणूसच उरला नाही. मधल्या पाच आकड्यांत काय काय मावतं ते ज्याच्या घरी खाट अंगणातून आत आली आहे त्यालाच कळतं.

आमच्या घरी ती आली होती. आबा, म्हणजे माझे वडील, शेंद्र्याच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर कामाला होते. वर्षातून एकदा कामगारांची तपासणी व्हायची, तीही कॅन्टीनमध्ये, पोह्यांच्या फोडणीच्या आणि ग्रीसच्या संमिश्र वासात. रांगेपायी पाळीचं काम थांबू नये म्हणून कार्डं आदल्या दिवशीच भरून ठेवलेली असत. वजन गेल्या वर्षीचं, नाडी बहात्तर, रक्तदाब एकशेवीस-ऐंशी. कंपनीचे डॉक्टर टेबलामागे बसायचे, रक्तदाबाचा पट्टा त्यांच्यापुढे घडी घालून ठेवलेला असायचा, रांग पुढे सरकायची आणि प्रत्येक कार्डावर त्यांची हिरव्या शाईतली वळणदार सही उमटायची. पट्टा कुणाच्याही दंडाला लागला नाही. हे आबांना ठाऊक होतं, सगळ्या रांगेला ठाऊक होतं, आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं. एवढा शिकलेला माणूस, त्याला चेहऱ्यावरूनच कळत असणार, असा त्या भल्या लोकांचा समज होता.

"डोकं दुखतंय म्हणता, तर दाखवून या की एकदा," आई म्हणायची. आबा कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढायचे आणि शाळेतलं प्रगतिपुस्तक दाखवावं तसं तिच्यापुढे धरायचे. "मला काय धाड भरलीय? हे बघ, डॉक्टरनं लिव्हलंय. एकशेवीस-ऐंशी. दरसाल तेवढंच. लई कमी लोकांचं असं राहतं." मग ते ठेच्यावर आणखी मीठ घ्यायचे.

श्रावणातल्या एका सकाळी, अंगणात ऊन-सावलीचा खेळ चालू असताना, भाकरीचा तुकडा तोंडाशी नेता नेता त्यांचा हात खाली पडला आणि ओठ एका बाजूला ओघळला. शेजारचं कुणीतरी म्हणालं, अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "आधी बीपी होतं का यांना?" मी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, दिवसभर परक्या माणसांच्या दंडांना पट्टे बांधत होते. मी ऐटीत सहा वर्षांची सहा कार्डं त्यांच्या पुढ्यात ठेवली. "नाही मॅडम. कधीच नव्हतं." बाईंनी पट्टा बांधला, आकडा पाहिला, मग कार्डांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ती नजर मला अजून पचलेली नाही.

आबा त्यानंतर चार वर्षं जगले. त्यांच्या साऱ्या भाषेतून एकच शब्द मागे राहिला होता, बरं. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, आई पाठीवरच्या जखमेला औषध लावताना रडायची तेव्हाही बरं. त्या काळात, उशाशी बसून, मी त्या हिरव्या सहीशी वैर धरलं. एक मुलगी जेवढं मन लावून वैर धरू शकते तेवढं धरलं. डॉक्टरांच्या घरापुढून मुद्दाम जायचे, त्यांची नवी गाडी पाहायचे, मनातल्या मनात शिव्या घालायचे. शिव्या आईच्या माहेरच्या होत्या आणि चांगल्या दणदणीत होत्या.

म्हणून यंदा फाल्गुनात अभ्यासाच्या यादीत त्यांचं नाव दिसलं तेव्हा मला आनंद झाला. डावा मेंदू, उजवा हात-पाय, वाचा गेलेली. रुग्ण ओळखीचा असेल तर त्याची भेट दुसऱ्याकडे सोपवायची, असा आमच्याकडे नियम आहे आणि तो योग्य आहे. मी तो पाळला नाही. पिशवीत प्रश्नावलीच्या मागे आबांचं शेवटचं कार्ड ठेवलं आणि चैत्रातल्या त्या सकाळी निघाले.

दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. बारीक चणीच्या, केसांना तेल लावायलाही सवड न मिळालेल्या काकू. मी कोण, कुणाची, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं; दवाखान्यातून कुणीतरी आलं याचंच त्यांना एवढं अप्रूप की त्यांनी माझ्यासाठी पंखा वाढवला. आतल्या खोलीत पडद्यातून गाळून आलेला पिवळसर उजेड होता, पावडरचा आणि लघवीचा तो मला पाठ असलेला वास होता, आणि खिडकीशी खुर्चीत डॉक्टर बसले होते. सदऱ्याची गुंडी एक घर चुकून लावलेली. मी डोळे भरून पाहिलं. ठरवल्याप्रमाणे पाहिलं.

मग विचारत गेले. डाव्या हातानं कसंबसं जेवतात, धरल्याशिवाय चार पावलं टाकता येत नाहीत, अंघोळ काकू घालतात. हिशेबानं आकडा चार येत होता. मला पाच हवा होता. आबांचा पाच होता. पेन त्या चौकटीवर इतका वेळ थांबलं की शाईचा ठिपका पडला. आणि मग मी चारच लिहिला, कारण खोटा आकडा लिहिणारा माणूस त्या खोलीत आधीच एक बसलेला होता.

"झटक्याच्या आधी त्यांना बीपी होतं का, काकू?"

"छे हो. ते स्वतः डॉक्टर, त्यांना कळलं नसतं का?" काकू उठल्या आणि कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. तशीच पिशवी, तसाच तिचा चुरचुर आवाज. "दरवर्षी स्वतःचंही कार्ड भरायचे. शिस्त म्हणजे शिस्त."

मी कार्डं पसरली. वजन गेल्या वर्षीचं, नाडी बहात्तर, रक्तदाब एकशेवीस-ऐंशी, आणि खाली हिरवी सही. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्याही. या माणसानं स्वतःच्या दंडालासुद्धा पट्टा बांधला नव्हता.

माझा किती संताप झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं मी समजत होते की गरिबांच्या जिवाची त्याला किंमत नव्हती, आमच्या दंडांचा त्याला विटाळ होता, आणि त्या समजुतीवर माझं वैर कसं ताठ उभं होतं. आता कळलं की किंमत त्याला कशाचीच नव्हती, किंवा भीती सगळ्याचीच होती. शत्रू म्हणून सुद्धा हा माणूस माझ्या उपयोगाचा निघाला नाही.

मी पट्टा काढला. त्यांचा डावा दंड उघडा केला, तेव्हा डॉक्टरांनी मान खिडकीकडे वळवली आणि डोळे मिटले. यंत्र घरघरलं, पट्टा फुगला, सैल झाला. "एकशे अठ्ठ्याऐंशी," मी म्हणाले, गरजेपेक्षा खूप मोठ्यानं, "खालचं एकशे आठ. ऐकलंत का डॉक्टर? एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे आठ."

"अगं बाई! मशीन बिघडलंय का?" काकूंनी विचारलं.

"मशीन चांगलं आहे. पाच मिनिटांनी पुन्हा बघू." पुन्हाही तेवढाच आला. "गोळ्या घेतात का?"

"थुंकून टाकतात. मला वाटलं, नसतं बीपी त्यांना, कशाला बळजबरी करा."

आजच्या आज दवाखान्यात न्या, गोळी एक दिवसही चुकवू नका, हे मी त्यांना दोनदा सांगितलं, कागदावर लिहून दिलं. ते माझं काम होतं. नंतर जे केलं ते कामात बसत नव्हतं. आबांचं कार्ड काढून मी डॉक्टरांच्या डाव्या हातात ठेवलं आणि कानाशी वाकून म्हटलं, "हे माझ्या आबांचं. प्रेसवर होते. सही तुमची हाय."

घरची बोली तोंडात आली ती आपोआप आली. डॉक्टरांनी डोळे उघडले. कार्डाकडे किती तरी वेळ पाहत राहिले, आणि त्यांचा अंगठा त्या हिरव्या सहीवरून हळूहळू फिरला. त्यांना उमगलं की नुसतं अक्षर ओळखीचं वाटलं, ते मला कळलं नाही आणि आता कधीच कळणार नाही. निघताना मी कार्ड परत घ्यायला गेले तर त्यांनी ते सोडलं नाही. धडधाकट हाताची ती पकड मजबूत होती. काकू ओशाळून "अहो, द्या ना त्यांचं त्यांना" म्हणत राहिल्या, मी ओढत राहिले, आणि शेवटी कार्ड फाटेल या भीतीनं मीच सोडून दिलं. आबांच्या सहा कार्डांतलं तेवढं एकच उरलं होतं माझ्याकडे. तेही त्या घरात राहिलं.

काकू दारापर्यंत आल्या. त्यांना माझ्याबद्दल काय वाटलं असेल, देव जाणे. त्यांनी फक्त माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "तुमचा चेहरा किती लाल झालाय. मघापासून मान चोळताय. तुमचं किती असतं हो बीपी?"

"नॉर्मल," मी म्हणाले.

ते उत्तर इतकं पटकन आलं की काकू आत गेल्यावरही मी एकटीच पायरीवर उभी राहिले. कधी पाहिलं होतं मी? नर्सिंगला असताना कधी तरी. त्यानंतर सबंध जिल्ह्याच्या दंडांना पट्टा बांधला, दुपारच्या ठणक्याला उन्हाचं आणि स्कूटरचं नाव दिलं, आणि विचारील त्याला तोच शब्द दिला. आबांची मुलगी!

मधुमालतीच्या सावलीत मी पायरीवर बसले. बाही वर सारली, पट्टा गुंडाळला, बटण दाबलं. दंडाभोवती ती पकड आवळत गेली, कडुनिंबाचा मोहर माझ्या ओढणीवर टपटपत होता, आणि आतून काकूंचा आवाज येत होता, गोळी घ्या म्हणून विनवणारा. यंत्र एकदा वाजलं. आकडा आला होता. माझी मान रस्त्याकडे वळलेली होती आणि डोळे मिटलेले होते.