आधी घर दाखवा

"मासा नंतर. आधी घर दाखवा."

गिऱ्हाईक दुकानात शिरलं, काचेवर बोट ठेवून "हा केवढ्याला?" म्हणालं, की चाचा स्टुलावरून न उठता हे वाक्य टाकायचे. मग उठायचे, खांद्यावरच्या फडक्याने काचेवरचा बोटाचा ठसा पुसायचे आणि पुन्हा बसायचे. गिऱ्हाईक चक्रावायचं. तुम्हीही चक्रावला असता. साडी घ्यायला गेलात आणि दुकानदार म्हणाला, आधी कपाट दाखवा, तर कसं वाटेल?

पनवेलच्या जुन्या बाजारात आमचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान, त्याला लागून चाचांचं माशांचं. पाळायच्या माशांचं. हे सांगावं लागतं, कारण आमच्या गावात माशांचं दुकान म्हटलं की लोक पिशवी घेऊन येतात. एका बाईंनी तर सगळ्या टाक्या शांतपणे बघून "पापलेट कधी येणार?" असं विचारलं होतं. चाचा म्हणाले, "बाई, इथे जे येतात ते जेवायला येतात, ताटात नाही."

उंच, सडसडीत माणूस. कातरलेली पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, आणि उजवी बाही कायम कोपरापर्यंत वर, कारण तो हात कुठल्या ना कुठल्या टाकीत असायचा. वीसेक वर्षं आखातात काढलेली, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात. "मी माशांतला माणूस नाही, ताई. पाण्यातला आहे," म्हणायचे. "पाणी सांभाळा, मासा आपला आपण सांभाळतो."

आमची ओळख वाढली ती लोडशेडिंगमुळे. दुपारी लाइट गेली की माझं मशीन गप्प आणि त्यांचे हवेचे पंप गप्प. मला आराम, त्यांना धावपळ. एक मग घ्यायचा, टाकीतलं पाणी उचलायचं, वीतभर वरून परत त्याच टाकीत ओतायचं. माशांना श्वास मिळावा म्हणून. बारा टाक्या आणि एक माणूस. मला कुणी नुसतं बसलेलं बघवत नाही आणि धावपळ करताना तर मुळीच बघवत नाही. पदर खोचला आणि दुसरा मग उचलला.

"हळू, ताई, हळू! आंघोळ नाही घालत आहोत."

"अहो, भरभर केलं तर भरभर होईल ना!"

"भरभर तुमचं होईल. त्याचं काय?" असं म्हणून त्यांनी एका घाबरलेल्या माशाकडे बोट दाखवलं. तो खरंच कोपऱ्यात जाऊन चिकटला होता. माझा स्वभाव त्या माणसाने पहिल्याच दिवशी ओळखला, आणि पुढे सगळं रामायण त्याच स्वभावापायी झालं.

आता ते घर दाखवण्याचं. ती काही बोलायची पद्धत नव्हती. चाचा खरंच घर बघायला जायचे. दुपारी दुकान ओढून घ्यायचे, रिक्षात बसायचे आणि गिऱ्हाइकाच्या घरी हजर. टाकी कुठे ठेवणार? खिडकीतून ऊन येतं का? मच्छरची कॉइल कुठे लावता? गावाला गेलात तर खाणं कोण घालणार? काचेचा गोल बाऊल दिसला की चहासुद्धा न घेता उठायचे. "मुलगी देताना घर बघतात. ह्याच्यात पण जान आहे," एवढंच म्हणायचे.

नेऱ्याकडचे एक आगरी गृहस्थ एकदा गाडी घेऊन आले. जमिनी गेल्या, बंगला आला, गळ्यात बोटभर जाड साखळी. "चाचा, मना त्यो लांब चांदीसारका मासा दे. घरान बरकत येते म्हनतान."

"बरकत नंतर. आधी घर दाखवा."

"बघ ना! आमाला काय लपवायचं हाय?"

त्या दिवशी मीही गेले, उगाच, गाडीत बसायला मिळतंय म्हणून. बंगल्याच्या हॉलमध्ये सहा फुटांची टाकी बांधून तयार. मला वाटलं, झालं काम. चाचांनी टाकी बघितली, झाकण बघितलं, भिंती बघितल्या आणि विचारलं, "हळदीला डीजे कुठे लावता?"

गृहस्थ हसायला लागले. "ह्या काय इचारतोस? अंगनान! ह्या खिडकीसमोर!"

"मग मासा नाही मिळणार. काच थरथरते. तो उडी मारतो, डोकं फोडून घेतो."

गृहस्थांची आणि चाचांची अर्धा तास हुज्जत चालली. घरात दोन महिन्यांनी पुतणीचं लग्न होतं. शेवटी ठरलं की स्पीकर मागच्या बाजूला, शेताकडे तोंड करून लावायचे. हळदीच्या दिवशी चाचा पुन्हा जाऊन खात्री करून आले, तेव्हा कुठे मासा गेला. "पोरगी द्याला एवढा तरास नाय झाला," असं ते गृहस्थ मला झेरॉक्स काढताना सांगत होते. पण पुढे प्रत्येक हळदीला ते स्वतः दारात उभं राहून डीजेवाल्याला मागच्या अंगणात हाकलायचे.

दुकानाच्या मागच्या भिंतीला सगळ्यात मोठी टाकी होती, तिच्यात विकायचे मासे नसायचे. लोकांना नकोसे झालेले, वाढलेले, बदलीमुळे सोडलेले मासे चाचा परत घ्यायचे, ते तिथे. मी त्या टाकीला माहेर म्हणायचे. नाव बाजारभर झालं. पोरांच्या परीक्षा आल्या की बायका बादली घेऊन विचारत यायच्या, "चाचांचं माहेर हेच का?"

असंच एक कुटुंब एकदा बादली घेऊन वडाळे तलावाकडे निघालं होतं. बादलीत हातभर काळा मासा, अंगावर नारिंगी डाग. ऑस्कर म्हणतात त्याला. घेतला तेव्हा दोन बोटांएवढा होता, आता टाकीत वळता येईना. तलावात सोडला की पुण्य लागेल, असं आजोबांचं म्हणणं. चाचा रस्त्यात आडवे झाले. "आजोबा, हा तिथल्या माशांना गिळणार, नाहीतर स्वतः मरणार. दोन्हीत पुण्य कुठे बसलं? द्या इकडे."

त्या ऑस्करचा तोरा काय सांगू! पाणी बदललं की हा रुसून एका कुशीवर आडवा. खाणं आवडलं नाही की तोंडातून थुंकणार. टाकीतले दगड स्वतःच्या मर्जीने इकडचे तिकडे करणार. मी त्याचं नाव जावई ठेवलं. मंगळवारी त्याला उपास असायचा, सगळ्याच माशांना असायचा, पोटाला आराम म्हणून. "तुमच्यासारखाच मंगळवार करतो तो," चाचा मला म्हणायचे. "फक्त साबुदाण्याची खिचडी खात नाही, म्हणून उपास लागू पडतो."

आता माझी गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

मीही मासे मागितले होते. चाचांनी आमचं घर बघितलं, पसंत केलं आणि पाच गोल्डफिश दिले. वर्षभर माझ्या घरी पोरांसारखे राहिले. मग दिवाळी आली. आता दिवाळीच्या साफसफाईत मी कशाला सोडत नाही, आमच्या ह्यांनासुद्धा हलवून खालची लादी पुसते. टाकी तेवढी कशी सोडेन? मासे बादलीत काढले. दगड भांड्याच्या पावडरने घासले. फिल्टरचा स्पंज काळाकुट्ट झाला होता, तो गरम पाण्यात उकळून उन्हात वाळवला. टाकी अशी लख्ख केली, की शेजारणी बघून गेल्या. नळाचं ताजं पाणी भरलं आणि मासे सोडले.

भाऊबीजेपर्यंत पाचही गेले.

चाचा घरी आले. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. ते टाकीपाशी बसले, तो पांढराशुभ्र स्पंज हातात घेतला आणि म्हणाले, "ताई, ह्या काळ्या घाणीतच पाणी साफ करणारे जीव असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. तुम्ही माशांचं घर नाही धुतलं, त्यांची हवा धुऊन टाकली."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही हो, हो, हो म्हणाला होता."

म्हणाले होते खरी. पुढे महिन्याभराने मी पुन्हा मासे मागितले, तर म्हणाले, "घर चांगलं आहे. पण ताई, तुम्हाला थांबता येत नाही." मला इतका राग आला, की आठवडाभर मी त्या माणसाशी बोलले नाही. टाकीत कांदे-बटाटे भरले. नंतर बोलणं सुरू झालं, लोडशेडिंगमध्ये मग उचलणं सुरू झालं, पण मासा मी मागितला नाही आणि त्यांनी दिला नाही. पाच-सहा वर्षं तशीच गेली.

मग आमची ती जुनी इमारत पाडायचं ठरलं. मला पुढच्या गल्लीत गाळा मिळाला. चाचांचं वय झालं होतं, छातीचं दुखणंही सुरू झालेलं. रत्नागिरीला मुलगी होती, तिने सांगितलं, आता पुरे, इकडे या. तीन महिन्यांची मुदत होती. चाचा रोज रिक्षा करून घरं बघत फिरू लागले. एकेक टाकी रिकामी होत गेली. राहिला तो जावई.

त्याला कोण घेणार? नेऱ्याच्या गृहस्थांकडे आधीच तो लांब मासा, दोघं एकमेकांना जगू देणार नाहीत. एका हॉटेलवाल्याला शोसाठी हवा होता, चाचांनी त्याला पायरीही चढू दिली नाही. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, आणि एवढ्या लांबच्या प्रवासात म्हातारा मासा टिकला नसता. चाचा जेवायचा डबा उघडायचे आणि जावयाकडे बघत तसाच बंद करायचे.

मला विचारतील, म्हणून मी वाट बघितली. त्यांनी विचारलं नाही. मी म्हटलं, बरं आहे. आणि त्याच संध्याकाळी जाऊन चार फुटांची टाकी बनवायला टाकली.

टाकी आली. पाणी भरलं, एक दिवस मुरवलं, फिल्टर चालू केला. आणि थांबले. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, म्हणजे ते न दिसणारे जीव धरतात, हे मी चाचांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. आमचे हे हसून बेजार. "नसलेल्या माशांना वेळेवर जेवण, आणि मला चहा मागून मिळत नाही!" पाणी आधी गढूळलं. हात असे शिवशिवत होते म्हणून सांगू! एकदा तर बादली घेऊन उभी राहिले होते. मग बादली ठेवून दिली आणि सगळे पंखे पुसून काढले.

चाळिसाव्या दिवशी भरदुपारी मी चाचांच्या दुकानात गेले. एकच टाकी उरली होती आणि तिच्यासमोर ते बसले होते.

"चला," मी म्हटलं. "मासा नंतर. आधी घर बघा."

फडकं खांद्यावर टाकून ते आले. टाकीसमोर वाकले. काचेवर आतून हिरवट थर धरला होता, तो मी पुसला नव्हता. त्यांनी हात कोपरापर्यंत पाण्यात घातला, बाहेर काढून वास घेतला.

"किती दिवस?"

"चाळीस."

"एकदाही धुतली नाही?"

"नाही हो!" मी जवळजवळ ओरडलेच.

चाचा खुर्चीत बसले आणि फडक्याने डोळे पुसले. मलाही भरून आलं, म्हणून मी भांडणाच्या आवाजात "चहा टाकते" म्हणत आत गेले.

दुसऱ्या दिवशी जावई आला, आल्याबरोबर रुसून आडवा झाला. चाचांनी ओल्या कापडात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातावर ठेवली. माहेरच्या टाकीचा जुना स्पंज, काळाकुट्ट, गाळाने जड. "हा तुमच्या फिल्टरला जोडा. दहा वर्षांचं दुकान आहे ह्यात."

रत्नागिरीहून त्यांचा फोन यायचा तेव्हा पहिला प्रश्न माझ्या तब्येतीचा नसायचाच. "जेवला का?" मी विचारायचे, "कोण, आमचे हे?" आणि पलीकडून ते खो खो हसायचे. दुकानाच्या जागी तोवर सात मजले उभे राहिले होते.

दोन वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, मी स्टुलावर चढून माळा झाडत असताना फोन आला. त्यांची मुलगी होती. "मावशी, अब्बा गेले." मग ती म्हणाली, "चार दिवसांपूर्वीच सांगत होते, दिवाळी आली, पनवेलला फोन लाव. ताईंना म्हणावं, टाकी धुवू नका. माझ्याकडून राहूनच गेलं."

मी स्टुलावरच बसून रडले. मग उठले. माळा झाडला, पंखे पुसले, डबे घासले, पडदे धुतले. सगळं घर लख्ख केलं. तो स्पंज तेवढा बाहेर काढला, टाकीतल्याच पाण्यात दोनदा हळूच पिळला आणि होता तसा, काळाच्या काळा, परत जागेवर लावला.