अप्पांनी प्यायलेली माझी टाकी

दोष अप्पांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी ‘जाऊ दे, मोठे आहेत’ म्हणायला नको. अप्पा म्हणजे माझे थोरले काका. लोणी काळभोरला आमचा वाइनचा मळा आहे, आणि त्याचे सर्वेसर्वा असलेल्या या माणसाने जन्मात वाइन चाखलेली नाही, असं ते आजही सांगतात! आमच्याकडे द्राक्षांपेक्षा किश्श्यांचं पीक जास्त. कुठलाही घड उचला, देठाशी अप्पा.

*

वाइनची द्राक्षं बारीकच असतात. अप्पांनी आयुष्यभर खायची द्राक्षं मंडईत पाठवलेली.

“ही द्राक्षं हायत का मिरी?” म्हणाले, आणि फुगवायचं औषध मारायला लावलं. मणी टपोरे झाले, वाइन पाणचट झाली.

“पण दिसत किती झ्याक होती!”

*

टेस्टिंगला बाणेरची आयटीवाली मंडळी आली होती. एका मुलीने कौतुकाने विचारलं, “काका, यातली तुमची फेव्हरेट कुठली?”

“मी घेत न्हाई. वाईट असती.”

तिने ग्लास खाली ठेवला. बाकीच्यांनीही!

*

एकादशीला टेस्टिंग बंद. गेटवर परत पाठवलेला एक गृहस्थ चिडला, “अहो, पुण्यातून दीड तास ट्रॅफिकमधून आलोय!”

“उद्या या की. वाइन जुनी झाल्यावर चांगली लागती म्हणत्यात ना?”

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी गेटच्या कडीकडे पाहिलं. “अप्पा म्हणतील तसं.” बाबांचं अख्खं करिअर या तीन शब्दांत!

*

मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं ते या मळ्यासाठी. खूप भांडल्यावर बाबांनी दोनशे लिटरची एक टाकी मला दिली. अट एकच. “यंदा तुझी बाटली निघाली तर मळ्यात राहा. नाहीतर मामाच्या दुकानात.”

रस टाकीत भरला, आंबायला लागला. चौथ्या दिवशी ताईचा साखरपुडा, तोही मळ्यातच. सासरकडचे पेठेतले. त्यांना अप्पांनी सांगितलेलं, “आमचा रसाचा कारखाना हाय.” वाइनच्या बोर्डावर ताडपत्री टाकलेली. आणि मला धाडलं मंडईत, हार आणायला.

परत आलो तर मांडवात वेगळाच रंग! एरवी नमस्कारही मोजून करणारे ताईचे सासरे शर्टाची दोन बटणं सोडून बाबांच्या गळ्यात पडले होते. विहीणबाई तिसऱ्यांदा उखाणा घेत होत्या, तोही तोच. तीनशे माणसांच्या हातात स्टीलचे पेले.

मी टाकीकडे धावलो. नळ उघडाच. तळाशी नुसता गाळ.

अप्पा खुर्चीत रेलून बसले होते. चौथा पेला संपवून त्यांनी मिशी पुसली.

“याला म्हणत्यात रस! न्हाईतर तुमची ती वाइन!”

माझी एकही बाटली निघाली नाही. मी आता मामाच्या टाइल्सच्या दुकानात बसतो.