हसून सांगायचं काम

नांदेडच्या त्या साड्यांच्या दुकानात रुखसार नवी लागली तेव्हा गिऱ्हाईकाशी बोलायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा. लग्नाचा बस्ता बांधायला मुखेडकडून आख्खं घरदार यायचं, गादीवर साड्यांचा ढीग पडायचा आणि "पसंत न्हाई" म्हणून सगळे उठून जायचे. रुखसारचं तोंड एवढंसं व्हायचं. तिला सांभाळून घेतलं ते पंचफुलामावशीनं. मावशीचे केस याच गादीवर पिकलेले. "नवरीला नको इचारू, तिच्या आत्याला इचार. रुसली तर तीच रुसती," असं एकेक तिनंच शिकवलं.

यंदा मालक गुरुलिंगशेठांनी पुण्याहून एक मॅडम आणल्या. नम्र बोलणं, हसरा चेहरा, राग गिळणं, अशी आठवडाभर शिकवणी झाली. खोटं कशाला बोला, फायदा झाला. रुखसार धीट झाली. काही न घेता गिऱ्हाईक उठलं की मावशी पुटपुटायची, ती सवय रुखसारनंच मागे लागून मोडली. दोघींनी जीव तोडून काम केलं. विक्री वाढली, शेठ खूश झाले.

खूश झालेल्या माणसानं काय करावं? पगार वाढवावा, निदान पेढा तरी हातावर ठेवावा. या गृहस्थानं रुखसारला केबिनमध्ये बोलावलं.

"आता दोघींचं काम एकीनं होऊन राहिलं. मावशीला सांग, पुढच्या महिन्यापासून येऊ नका."

"मी सांगू?"

"वाईट गोष्ट गोड बोलून कशी सांगायची, ते मॅडमनं शिकवलंय की. हसून सांग. दुकानात रडारड नको."

रुखसारच्या अंगाचा तिळपापड झाला. जास्तीचं विकलं दोघींनी आणि शिक्षा त्याचीच! अंगचोरपणा केला असता तर मावशीची नोकरी टिकली असती. वर या माणसाला ते स्वतःच्या तोंडानं सांगायचीही तयारी नाही.

"मी न्हाई सांगणार, शेठ. मला काढायचं तर काढा."

"हळू बोल, गिऱ्हाईक बसलंय."

रुखसारनं केबिनचं दार उघडलं. "मावशी, आत या. शेठला तुमच्याशी बोलायचंय."

मावशी हातातली साडी घडी करून ठेवून आली. रुखसार दारातून हलली नाही. शेठांनी एकदा तिच्याकडं बघितलं, मग समोरच्या खुर्चीकडं हात केला.

"बसा, मावशी."

इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर बसायला मावशीला कुणी सांगितलं नव्हतं. तिला तेवढ्यावरच सगळं कळलं.