आरोळी ठोकणारी पावडर

महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी बारा वर्षं पावडरी तपासते आहे. त्यातली एक पांढरी पावडर इतकी ओळखीची, की माझा रक्तगट आठवायच्या आधी मला तिचा वितळणबिंदू आठवतो. ती कुठल्या मलमात जाते हे कागदावर वाचलं होतं, पण ते मलम कुणाच्या अंगाला लावलेलं कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं ते एकदम आईच्या मानेवर.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी आहे. आईच्या मानेवर मागच्या बाजूला एक खवलेदार चट्टा आला होता. महाडच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी त्याचा बारीक तुकडा तपासायला पाठवला आणि निकाल आल्यावर सांगितलं, "कॅन्सर आहे, पण वरवरचा, हळू वाढणारा. सहा आठवडे मलम लावू. गेला नाही तर कापून काढू." कॅन्सर हा शब्द आईने शांतपणे ऐकून घेतला. कापायचं म्हटल्यावर मात्र बिथरली.

"मानेला सुरी लावायची नाय. उद्या भारा कशाच्या जोरावर उचलू?"

मी खूप समजावलं, पण आमच्या घरात वादात तिच्याशी कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही. म्हणजे आता सगळी मदार मलमावर होती. मलमाची पुडी उलटून नाव वाचलं, तर आमचीच पावडर! मग काय, मला शिकवायची हुक्की आली.

मी तिला सांगितलं, हे औषध स्वतः काही मारत नाही. आपल्या काही पेशींच्या आत जन्मापासूनचे राखणदार बसलेले असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. विषाणू आत आला की त्याचा एखादा तुकडा राखणदाराच्या खाचेत बसतो आणि तो जागा होतो. आमचा रेणू विषाणूपुढे अगदी चिमुकला, पण नेमका त्याच खाचेत जाऊन बसतो. मग दोन राखणदार जोडीने कामाला लागतात, बोंबाबोंब होते आणि बाकीच्या पेशी धावून येतात. त्या आल्या की चट्ट्यावरही तुटून पडतात.

आईने तांदूळ निवडता निवडता ऐकलं. "म्हंजे रानडुक्कर शेतात शिरल्याची आरोळी ठोकायची."

"तसंच, गो आये."

"आनि डुक्कर खरंच शिरलेला हाय."

"शिरलाय. पन राखणदारांना त्याचा पत्ताच नाय."

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिने पदर बाजूला केला. चट्टा लालभडक, सुजलेला, वर खपली. आमच्या कंपनीत कातडीवर लाल काही दिसलं की एकच नियम: पंधरा मिनिटं वाहतं पाणी आणि रजिस्टरला नोंद. बारा वर्षांची सवय. मी आईला मोरीत बसवलं, घड्याळ लावलं आणि पंधरा मिनिटं मानेवर पाणी सोडलं. ती कुडकुडत शिव्या देत होती. नोंदीला रजिस्टर नव्हतं एवढंच. उरलेल्या पुड्या फळीवरच्या डब्यात टाकल्या आणि बजावलं, हात लावायचा नाही.

पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, रिअ‍ॅक्शन आली, म्हणून बंद केलं. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले.

"अहो, लाल झालं म्हणजे अंगातली प्रतिकारशक्ती जागी झाली. हेच तर हवं होतं. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. निदान एक फोन तरी करायचा. चार दिवस फुकट घालवलेत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या औषधावर तिची मान अवलंबून होती, ते मीच, शहाणीने, थांबवलं होतं. डोळे भरून आले.

"फुकट नाय गेले," आई म्हणाली. "मी लावत व्हते."

"आये! मी नको सांगितलं होतं ना?"

"आता तुमीच सांगा डाक्टर. आरोळी दिली, गाव उठला, डबे वाजायला लागले, आनि ही म्हनते कालवा बंद करा. मंग डुक्कर हाकलायचा कुनी?"

डॉक्टर इतके हसले की बाहेरचे पेशंट आत डोकावले. हसून झाल्यावर दोघींनाही दम भरला: पुन्हा कुणीही आपल्या मनाने काही करायचं नाही.

सहा आठवडे पुरे झाले. खपली गळली. पुढचे तीन महिने मी रोज तिची मान बघायची आणि ती रोज वैतागायची. शेवटी डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं, बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "काही राहिलेलं दिसत नाही. कापायची गरज नाही. अधूनमधून दाखवत राहा."

वाडीवर पोचल्यावर आईने बांधावर पडलेला गवताचा भारा पाहिला आणि मी नको नको म्हणेपर्यंत डोक्यावर घेतलाही. चढावर मी तिच्या मागून चालत होते. समोर तिची मान, ताठ, चट्ट्याच्या जागी फिकट गुलाबी कातडी. मला आनंदाने रडू फुटलं.

"रडतेस काय गो?" तिने मागे न बघताच विचारलं. "मान वळवता येत नाय मला आत्ता. पुढं येऊन रड."