भुशाचे पारडू
करुणा आधी मनात असते की हाताने केलेल्या कृतीतून निर्माण होते, हा प्रश्न मला कुरुंदा गावातल्या एका गोठ्यात पडला, आणि ओलसर भुशाचा वास आला की तो गोठा आजही डोळ्यांपुढे उभा राहतो. शेजाऱ्याच्या म्हशीचे पारडू मेले होते. त्याच्या सुनेचे दूध तापाने आटलेले, तान्हे लेकरू रडून थकलेले, आणि म्हैस पान्हा सोडत नव्हती. म्हणून जुन्या रीतीप्रमाणे मेलेल्या पारडाच्या कातड्यात भुसा भरून ते तिच्यापुढे उभे केले. ते धरायला मी होतो, धार काढायला शेजारी बसला. “सर, शाळेतल्या पोरावानी कान धरू नका, उपटून हातात येईल,” शेजारी म्हणाला. म्हैस ते डोळे नसलेले तोंड चाटत राहिली, पण धार निघेना. त्याने शिवी हासडली, तशी त्याची आई दारातून म्हणाली, “राग घेऊन बसलास काहून? तिला समदं कळून राहिलं.” तो थांबला. सड तसेच धरून त्याने म्हशीच्या कुशीला कपाळ टेकवले आणि हळूच म्हणाला, “तुझं लेकरू गेलं, माय. मला ठाऊक हाय.” हात तेच, पकडही तीच, तरी दुधाच्या चरवीत धार वाजली. त्याच क्षणी माझ्या तळव्याखाली भुशाची बरगडी श्वास घेतल्यासारखी वर आली आणि सावकाश खाली बसली. मी दचकलो, पण सोडले नाही; म्हैस अजून चाटत होती. तो भास असेल, असे मी आजही स्वतःला समजावतो. धार मात्र भास नव्हती. माझ्या शब्दावर विसंबू नका. दुःखी जिवाला हात लावण्यापूर्वी मनातला राग खाली ठेवा आणि काय घडते ते स्वतः तपासून पाहा.