लाल चिंध्या

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या मावशींनी नऊ वर्षं घरामागचा ओढा जपला. दुपारी मशीन बंद करायचं आणि त्या काळपट पाण्याच्या काठावर पूर्वी होती तीच झाडं पुन्हा रुजवायची: वाळुंज, बोरू, लव्हाळा. वाळुंजाच्या काड्या त्यांनी ओढ्याच्या वरच्या अंगाच्या जुन्या झाडांवरून आणलेल्या. पुढे ती झाडं पुलाच्या कामात गेली. आता शहरात वाळुंज उरलं ते फक्त मावशींच्या काठावर.

पण बाकी झाडांना जगू न देणाऱ्या काटेरी घाणेरीनंही तिथेच बस्तान मांडलं होतं. ती उपटणं एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. नगरपालिकेत खेटे घालून चपला झिजल्या, तेव्हा कुठे अर्ज मंजूर झाला.

"माणसं गुरुवारी दहाला येतील. झाडांना खुणा करून ठेवा," कारकुनानं सांगितलं.

मावशींनी हाताशी होत्या त्या गणवेशाच्या कापडाच्या लाल चिंध्या घेतल्या आणि जपायच्या एकेका झाडाला बांधल्या.

"माझं बटण महिनाभर लोंबतंय, आणि झाडांना गळपट्टे!" नवरा म्हणाला.

"झाडं कुरकुर करत नाहीत."

गुरुवारी माणसं आठलाच आली. मावशी शाळेत गणवेश पोचवून परतल्या तेव्हा काठ बोडका झाला होता. घाणेरी तेवढी जागच्या जागी, फुललेली.

"लाल खुणेचं एक सोडलं नाही बघा, मावशी," मुकादम घाम पुसत म्हणाला. "मुळासकट काढलं."

"लाल ती ठेवायची होती."

तो हसायला लागला, मग थांबला. "ठेवायची? अहो, वीस वर्षं रस्त्याच्या कामावर आहे मी. लाल म्हणजे तोडायचं. कुणालाही विचारा."

त्याचं खोटं नव्हतं. कुणीही तेच सांगितलं असतं. मावशींनी विचारलं नव्हतं, एवढंच.

"फांद्या कुठे आहेत? वाळुंजाची ओली काडी मूळ धरते. एखादी तरी..."

"यंत्रात घातल्या. भुसा झाला. ट्रक मघाशीच गेला."

मावशी उकरलेल्या मातीत खाली बसल्या. एक ढेकूळ सुटून पाण्यात गेलं, त्यामागून दुसरं.

मुकादमाला राहवलं नाही. "ही घाणेरी काढून देऊ का? आत्ता, तासाभरात. वरच्यांना नाही सांगत."

मावशींनी पाण्यात सुटणाऱ्या ढेकळांकडे पाहिलं, मग त्या फुलांकडे.

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे. आता माती धरायला तीच आहे."