तळ असलेलं ओगराळं

करवंटीचं ओगराळं दिसलं की मला ती नारळी पौर्णिमा आठवते. जपानी लोककथांतल्या भुतांची चित्रं काढून मी ऑनलाइन विकते, आणि तेव्हा पाकिटं भरायला आई बसायची. त्या सकाळी एका चित्रावर तिचा हात थांबला. काळ्या पाण्यातून हात वर आले होते आणि होडीतला नावाडी त्यांना ओगराळं देत होता. मी म्हटलं, "ही बुडालेल्यांची भुतं. ओगराळं मागतात नि त्यानेच होडीत पाणी भरून ती बुडवतात. म्हणून त्यांना बिनतळाचं देतात." बाबा नाटे बंदरातून मासेमारीला गेले ते परत आलेच नव्हते. आई एवढंच म्हणाली, "तहानलेली असतील गो ती. खाऱ्या पाण्यात काय प्यायची?" संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर सगळे नारळ सोडत होते. आईने नारळ सोडला, मग पदराआडून घरातलं पेजेचं ओगराळं काढलं, बाटलीतून आणलेलं विहिरीचं पाणी त्यात ओतलं आणि ते अलगद लाटेवर ठेवलं. लाटेने ते लगेच उलटं केलं, तरी ती काळोख होईपर्यंत तिथेच उभी होती. आता आईही नाही. ते चित्र मी अजून काढते, पण ओगराळ्याला तळ ठेवते. जाणकार गिऱ्हाईकं चूक कळवतात. मी त्यांचे आभार मानते आणि पुढचंही तसंच काढते.